प्रवाळांचे आकार, दाटी आणि पाण्याची खोली: नेमके काय बदलते, आणि मोजायचे कसे?

तळठाव (धागाकर्ते)

प्रवाळभित्तीच्या छेदाचे एक चित्र सगळीकडे छापलेले दिसते. माथ्यावर जाड, आखूड फांद्या. जरा खाली टेबलासारखे पसरलेले अ‍ॅक्रोपोरा (प्रवाळांची एक मोठी प्रजाती). मधल्या पट्ट्यात गोल ढेपा. तळाकडे पातळ ताटल्या. चित्र बरोबर आहे. घोटाळा होतो तो त्याच्या कडेला लिहिलेल्या मीटरच्या आकड्यांमुळे. एका भित्तीवर ताटल्यांचे राज्य ४० मीटरवर सुरू होते, दुसरीवर ८ मीटरवरच. "१५ मीटरवर अमुक आकार" असे पाठ करून उतरलात, तर पहिल्याच दिवशी नोंदवही आणि तळ यांचे जमत नाही.

माझ्या मते खोलीचा आकडा हा फक्त पत्ता आहे. त्या पत्त्यावर प्रकाश किती, लाट किती, गाळ किती, हे कळले की आकार आपोआप उलगडतो. या धाग्यात तेच एकेक करून मांडू या. सुरुवात प्रकाशापासून.

पाण्यात प्रकाश दर मीटरला ठरावीक प्रमाणात घटतो. उरलेला प्रकाश = पृष्ठभागावरचा प्रकाश × ई^(−के × खोली). यातला 'ई' म्हणजे २.७१८ हा गणिती स्थिरांक. 'के' म्हणजे क्षीणन गुणांक, प्रकाश किती झपाट्याने घटतो त्याचे माप, आणि सगळा खेळ त्याचा. स्वच्छ महासागरी पाण्यात के ०.०५ च्या आसपास असतो. तिथे पृष्ठभागाच्या १ टक्का प्रकाश ९२ मीटरवर उरतो. के ०.१ असेल तर तीच रेघ ४६ मीटरवर येते. किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यात के ०.३ झाला की १५ मीटरवर. (४.६ भागिले के, इतका सोपा हिशेब आहे.) म्हणजे स्वच्छ पाण्यातली पंचेचाळीस मीटरची खोली आणि गढुळातली साडेसात मीटरची खोली प्रकाशाच्या दृष्टीने एकच. दोन्हीकडे ताटल्या दिसल्या तर नवल नाही.

रंगही बदलतो. लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच संपतो. सर्वांत खोल जातो तो ४५० ते ४८० नॅनोमीटरचा निळा. त्यामुळे खोलवरच्या प्रवाळाला नुसता कमी नव्हे, तर वेगळ्या रंगाचा प्रकाश मिळतो.

---

पानवेल

ताटली होण्याचे कारण बहुतेक ठिकाणी "जास्त प्रकाश पकडायला" एवढ्यावर सोडून देतात. मग उथळातल्या प्रवाळाला जास्त प्रकाश नको असतो का? तिथेही ताटलीच का नाही?

---

शैवालसखा

@पानवेल, प्रश्न नेमका आहे. उत्तर प्रकाशसंश्लेषणाच्या वक्रात आहे.

उष्णकटिबंधात भर दुपारी पृष्ठभागावर २००० मायक्रोमोल (प्रकाशकणांचे माप, दर चौरस मीटर, दर सेकंद) इतका प्रकाश पडतो. प्रवाळाच्या पेशींत राहणारे सहजीवी शैवाल उथळात साधारण ३०० ते ४०० मायक्रोमोलला तृप्त होते. त्यावरचा प्रकाश वाया जातो, शिवाय जाळतोही. आता २ मीटर खोलीवर आडवी ताटली ठेवा: वरची बाजू गरजेच्या कितीतरी पट प्रकाशात होरपळते आणि खालची अंधारात. तोच पृष्ठभाग उभ्या पानांत किंवा फांद्यांत वाटला, की प्रत्येक बाजूला तिरपा, मध्यम प्रकाश मिळतो आणि एकूण कमाई वाढते. फांद्यांची एकमेकींवर पडणारी सावली उथळात सोय ठरते.

खोलात हे गणित उलटते. प्रकाश तृप्तीच्या खाली आला, की सावलीतला प्रत्येक चौरस सेंटिमीटर तोट्यात जातो. तिथला प्रकाश विखुरलेला असला तरी त्याचा मोठा भाग वरूनच येतो, म्हणून आडवा पृष्ठभाग सर्वांत फायद्याचा.

दुसरे कारण सांगाड्याचा खर्च. प्रकाश कमी तशी कॅल्शियम कार्बोनेट जमवण्याची गती कमी. हाती असलेल्या थोड्या चुन्यातून जास्तीत जास्त क्षेत्र झाकायचे, तर पातळ पत्रा पसरणे हाच मार्ग. म्हणून खोलातल्या ताटल्या काही मिलिमीटर जाडीच्या, कडेला अगदी ठिसूळ. त्यांवरचे पॉलिप (वसाहत बनवणारे इवले जीव) विरळ, ऊतीचा थर पातळ. शैवालातही फरक पडतो: दर पेशीतले हरितद्रव्य वाढते, म्हणून खोलवरची वसाहत गडद तपकिरी दिसते. तृप्तीचा आकडाही १०० मायक्रोमोलच्या खाली येतो.

तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाच्या अकाबाच्या आखातातला स्टायलोफोरा पिस्टिलाटा हा याचा सर्वांत जास्त अभ्यासलेला नमुना आहे. उथळात घट्ट, गोलसर झुडूप. खोलात त्याच जातीच्या फांद्या एका सपाट थरात, पंख्यासारख्या पसरलेल्या.

---

तळठाव

भर म्हणून टोकाचे उदाहरण: लेप्टोसेरिस हवायेन्सिस. पॅसिफिकमधल्या जॉन्स्टन अ‍ॅटॉलजवळ ही जात १६५ मीटरवर जिवंत नोंदवली आहे. ३० ते १५० मीटरचा पट्टा हल्ली 'मेसोफोटिक', म्हणजे मध्यप्रकाशी, म्हणून वेगळा धरतात आणि त्याच्या तळाच्या भागात लेप्टोसेरिसचेच वर्चस्व असते. तांबड्या समुद्रातल्या लेप्टोसेरिस फ्रॅजिलिसच्या ऊतीत अशी रंगद्रव्ये आहेत, जी आखूड लहरींचा प्रकाश शोषून शैवालाला चालेल अशा लांब लहरींत परत सोडतात. अंधुक निळ्यात जगण्यासाठी याहून नेटकी सोय सापडणे कठीण.

---

लाटमाप

प्रकाशाचे सगळे पटले, पण उथळातला आकार प्रकाशापेक्षा लाट जास्त ठरवते. याचाही हिशेब मांडता येतो आणि तो मांडायलाच हवा, कारण "खवळलेला किनारा" आणि "शांत किनारा" या शब्दांनी काही मोजता येत नाही.

लाटेची लांबी (मीटर) = १.५६ × आवर्तनकाळाचा (एका लाटेपासून पुढच्या लाटेपर्यंतच्या सेकंदांचा) वर्ग. लांबून आलेली ८ सेकंदांची फुगवट घ्या: लांबी १०० मीटर. जवळच्या वाऱ्याने उठलेली ४ सेकंदांची लाट: लांबी २५ मीटर. पाण्याची गोलाकार हालचाल खोलीबरोबर ई^(−२π × खोली ÷ लांबी) या प्रमाणात मरते. म्हणजे:

५ मीटरवर पहिल्या लाटेचा ७३ टक्के वेग शिल्लक, दुसरीचा २८ टक्के.
१० मीटरवर ५३ टक्के आणि ८ टक्के.
२० मीटरवर २८ टक्के, आणि दुसरी जवळपास शून्य.

(हे सूत्र खोल पाण्याचे आहे. भित्तीच्या अगदी माथ्यावर लाट फुटते तिथे ते चालत नाही. उतारासाठी मात्र अंदाज चांगला येतो.) वसाहतीवरचा जोर वेगाच्या वर्गात वाढतो. त्यामुळे फुगवटीला तोंड देणाऱ्या भित्तीवर १० मीटरवरही वरच्या जोराचा चौथा हिस्सा बाकी असतो. आडोशाच्या बाजूला १० मीटरवर जवळजवळ काहीच नसते. एकाच बेटाच्या दोन बाजूंना नाजूक फांद्यांचा पट्टा वेगवेगळ्या खोलीवर सुरू होतो तो यामुळे.

आता आकार. कॅरिबियनमधला अ‍ॅक्रोपोरा पामाटा बहुधा ५ मीटरच्या आत, लाट फुटते तिथेच वाढतो. फांद्या हाताएवढ्या जाड, चपट्या आणि लाटेच्या दिशेला धरून. त्याचा सडपातळ भाऊ अ‍ॅक्रोपोरा सर्व्हिकॉर्निस त्याच्या खालच्या उतारावर. तो मोडतोच, पण मोडलेले तुकडे तिथेच रुजतात, म्हणून मोडणे हाच त्याचा पसरण्याचा मार्ग झाला आहे. ऑगस्ट १९८० मधल्या अ‍ॅलन चक्रीवादळाने जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरची उथळ पामाटाची रानेच्या राने भुईसपाट केली. जाड फांदीलाही मर्यादा आहे.

टेबलासारख्या अ‍ॅक्रोपोराची अडचण वेगळी. माथा दरवर्षी पसरत जातो, बुंधा मात्र त्या मानाने जाड होत नाही. ठरावीक आकारानंतर एखादी मोठी लाट ते उचकटून टाकते. बहुतेक वेळा बुंधा मोडत नाही, त्याखालचा भुसभुशीत चुनखडक सुटतो. म्हणून माथ्याजवळ टेबले असतात पण छोटी. दोन मीटर व्यासाची टेबले खालच्या, शांत पाण्यातच. फक्त "टेबल, ५ मीटर" असे लिहिलेत तर ही सगळी माहिती गमावता. माथ्याचा व्यास आणि बुंध्याची जाडी दोन्ही लिहा.

---

गाळणी

तिसरा खेळाडू राहिला: गाळ. आडवी ताटली प्रकाश छान पकडते, तसा गाळही छान पकडते. फांदीवरून तो घसरून जातो, ताटलीवर साचतो आणि खालची ऊती गुदमरून मरते. मधोमध पांढरा किंवा शैवालाने हिरवट झालेला मृत डाग आणि कडेला जिवंत तपकिरी पट्टा, अशी ताटली दिसली की गाळाचा संशय घ्या. रोगाच्या रकान्यात टाकण्याआधी हाताने पाणी हलवून बघा, गाळ उडतो का.

म्हणून खोल उतारावरच्या ताटल्या क्वचितच अगदी आडव्या असतात. उताराकडे कललेल्या, कौलांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. गाळ कडेवरून ओघळतो, प्रकाशही मिळतो. ज्या उतारावर वाळूचे ओघळ वरून खाली येतात, त्या ओघळांत प्रवाळ नसतेच. दोन ओघळांमधल्या कण्यांवर गर्दी असते. मोजणीची रेषा अशा उतारावर कुठे पडली यावर दाटीचा आकडा दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो.

गढूळ किनारी पाण्यात सगळे पट्टे वर सरकतात आणि अरुंद होतात. तिथे टर्बिनारिया, गोनिओपोरा अशी गाळ सोसणारी मंडळी पुढे येतात. टर्बिनारियाचा पेल्यासारखा आकार गाळ मध्यभागी साठवतो, पण श्लेष्म आणि ऊती फुगवण्याच्या जोरावर ती जात तो बाहेर टाकते.

---

पानवेल

इथपर्यंत स्पष्ट आहे. पण उथळातली गोल ढेप आणि खोलातली ताटली, ही एकच जात आकार बदलते की जात बदलते? नोंदीत हे कसे वेगळे काढायचे?

---

सांगाडा

दोन्ही घडते. डोळ्यांनी ठरवू नका.

याचा धडा मोंटास्ट्रिआ अ‍ॅन्युलॅरिसने दिला. कॅरिबियन भित्ती बांधणारी ही मुख्य जात, आणि दशकानुदशके "उथळात खांब, मध्ये मोठा ढीग, खोलात ताटली, सगळी एकच लवचीक जात" असे शिकवले गेले. १९९४ मध्ये वाईल आणि नोल्टन यांनी तिच्या तीन जाती वेगळ्या केल्या. आता त्या ऑर्बिसेला या प्रजातीत गणल्या जातात: अ‍ॅन्युलॅरिस (खांब), फॅव्हिओलाटा (झग्यासारखा घोळदार ढीग) आणि फ्रँक्साय (उंचवट्यांची, बहुधा जास्त खोलातली). पण गंमत अशी की या तिन्हींपैकी प्रत्येक जात खोलात चपटीही होते. म्हणजे जातबदल आणि आकारबदल एकाच उतारावर, एकमेकांवर चढून बसलेले.

वेगळे काढण्याचा भरवशाचा मार्ग अदलाबदलीचा: उथळातल्या वसाहतीचे तुकडे खोलात, खोलातले उथळात, आणि दोन्हीकडे मूळच्या जागेवर परत लावलेले तुकडे तुलनेसाठी. शेवटचा गट विसरला तर तोडण्या-चिकटवण्याच्या धक्क्याचा परिणाम खोलीच्या नावावर जमा होतो. ग्रेट बॅरियर रीफवर बेट विलिस यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा प्रयोगात टर्बिनारिया मेसेंटेरिनाने नव्या खोलीप्रमाणे आकार बदलला, पॅव्होना कॅक्टसचे रूप मात्र बरेच टिकून राहिले. सेरिआटोपोरा हिस्ट्रिक्समध्ये पुढे जनुकीय तपासणीत उथळ आणि खोल असे वेगळे गटच आढळले, तेही एकाच भित्तीवर काही दहा मीटरांच्या अंतरात.

नोंदीसाठी व्यवहारी उपाय: आकार आणि जात हे दोन वेगळे रकाने ठेवा. जात नक्की नसेल तर प्रजातीपर्यंत थांबा. प्रत्येक आकारगटातल्या निदान काही वसाहतींची पॉलिपच्या पेल्यांची (सांगाड्यात पॉलिप बसतो त्या खळग्यांची) जवळून छायाचित्रे घ्या, सोबत मिलिमीटरची पट्टी ठेवून. पेल्याचा व्यास आणि दोन पेल्यांमधले अंतर यावरून नंतर बराच गुंता सुटतो. खोलात पेले दूर दूर असतात हे लक्षात ठेवून.

---

मोजपट्टी

आकाराबद्दल बरेच झाले, दाटीबद्दल लिहितो. आधी शब्द नीट करू: "दाटी" म्हणून लोक दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि मग वाद घालतात.

समजा १० चौरस मीटरचा पट्टा आहे. त्यात एकेक चौरस मीटरच्या ५ ताटल्या असतील तर आच्छादन ५० टक्के, वसाहती ५. त्याच पट्ट्यात १० सेंटिमीटर व्यासाच्या १०० छोट्या वसाहती असतील तर आच्छादन जेमतेम ८ टक्के, वसाहती वीसपट. यातले "जास्त प्रवाळ" कुठले? खोलीबरोबर हे दोन आकडे पुष्कळदा उलट दिशांना जातात. म्हणून दोन्ही द्या, आणि जमल्यास आकारांची विभागणीही.

ढोबळ चित्र असे. भित्तीच्या सपाटीवर ओहोटीला उघडे पडणे, तापणे, पावसाचे गोडे पाणी यांमुळे प्रवाळ कमी. जे असते ते खडकाला चिकटून पसरणारे, किंवा पोरायटिस या ढेपाळ प्रवाळाच्या गोल थाळ्या, ज्यांचा माथा ओहोटीच्या पातळीला मरून सपाट झालेला असतो आणि वाढ फक्त कडेने चालते. माथ्यावर लाटेला सोसणाऱ्या थोड्या जातींचीच वस्ती, त्यांत फायर कोरल म्हणजे मिलेपोरा (हे खरे प्रवाळ नव्हे, हायड्रोझोआ). त्याखालच्या उतारावर आच्छादन शिगेला पोचते. जातींची विविधता त्याहीपेक्षा जरा खाली, स्वच्छ पाण्यातल्या बऱ्याच भित्तींवर १५ ते ३० मीटरच्या दरम्यान, सर्वाधिक भरते. त्याखाली दोन्ही घसरतात.

मध्ये विविधता जास्त का? वरच्या पट्ट्यात वर्षाला १० सेंटिमीटर वाढणारी अ‍ॅक्रोपोराची टेबले शांत वर्षांत बाकीच्यांवर छत धरतात आणि सावलीत मारतात; वादळाच्या वर्षांत सगळेच झडते. तळाशी प्रकाशच निवड करतो. मधल्या पट्ट्यात वाढ इतकी वेगवान नाही की एकच जात सगळे बळकावेल, आणि मोडतोडही अधूनमधून होऊन जागा मोकळी होते. कॉनेल यांनी १९७८ मध्ये मांडलेली मध्यम व्यत्ययाची कल्पना ही. सगळीकडे ती लागू पडते असे नाही, पण उताराचा आलेख वाचायला उपयोगी आहे.

आणि एक गोष्ट नेहमी विसरली जाते: बसायला कठीण जागा. खोलीबरोबर घटलेले आच्छादन पुष्कळदा प्रकाशामुळे नसून तळ वाळूचा झाल्यामुळे असते. म्हणून आच्छादन दोन प्रकारे काढा, एकूण तळाच्या टक्क्यांत आणि फक्त कठीण तळाच्या टक्क्यांत. दुसरा आलेख पहिल्यापेक्षा वेगळा दिसला, तर निम्मे उत्तर मिळाले.

---

गाळणी

+१. त्यात चरणाऱ्यांचीही भर घाला. शैवाल खाणारे मासे आणि साळू (समुद्री अर्चिन) खोलात साधारणपणे कमी होतात. चरण नसेल तर मोकळ्या खडकावर प्रवाळाचे पिल्लू बसण्याआधी शैवाल बसते. १९८३-८४ मध्ये कॅरिबियनभर डायाडेमा अँटिलॅरम हा साळू रोगाने मेला, त्यानंतर जमैकाच्या भित्ती शैवालाखाली गेल्या. अशा ठिकाणी आजची दाटी बघून "या खोलीवर प्रवाळ कमीच असते" असा नियम काढणे चूक आहे.

---

निळाई

मोजणीचे प्रत्यक्ष टप्पे कोणी सविस्तर लिहाल का? २० मीटर टेपने रेषा-छेद (टेपखाली येणाऱ्या वसाहतींची लांबी मोजणे) करायचा विचार आहे. ३, १०, २० आणि ३० मीटर अशा चार खोल्या.

---

मोजपट्टी

@निळाई, चार खोल्या चांगल्या निवडल्या आहेत. क्रमाने:

टेप समोच्च रेषेवर, म्हणजे एकाच खोलीवर आडवा लावा. उताराने खाली लावलात तर एका टेपमध्ये तीन पट्टे मिसळतात. दर खोलीला २० मीटरचे निदान ४ टेप, दोन टेपांमध्ये ५ मीटर मोकळे. रीफ चेक या स्वयंसेवी प्रवाळ-तपासणी संस्थेची पद्धत हीच आहे: १०० मीटरच्या रेषेवर २० मीटरचे ४ तुकडे, दर अर्ध्या मीटरला एक बिंदू, म्हणजे तुकड्याला ४० आणि एकूण १६० बिंदू. शिकाऊ गटाला बिंदूंची पद्धत जास्त मानवते. तुम्हाला आकारगट हवे आहेत म्हणून रेषा-छेद योग्य: टेपखाली एक वसाहत जिथे सुरू होते आणि जिथे संपते तो सेंटिमीटरचा आकडा, आणि समोर आकाराचा संकेत.

संकेत अ‍ॅक्रोपोरासाठी वेगळे आणि बाकीच्यांसाठी वेगळे ठेवण्याची रूढी आहे: अ‍ॅक्रोपोरा फांदीदार, टेबल, बोटांसारखे, थर, बाकीचे फांदीदार, ढेप, थर, पानाळ, अर्धढेप, छत्री (सुटे फंगिया), आणि मिलेपोरा, हेलिओपोरा स्वतंत्र. ताटली आणि पानाळ एकाच रकान्यात जातात ही या यादीची उणीव आहे. खोलीचा अभ्यास असेल तर "आडवी ताटली" आणि "उभे पान" असे दोन भाग स्वतः पाडा. वर शैवालसखा यांनी जे सांगितले, तो फरक नेमका इथेच पकडता येतो.

काय चुकते:

टेप सैल पडतो. फांद्यांवरून टांगलेला टेप ३ मीटरवर लाटेबरोबर हलतो आणि प्रत्येक हेलकाव्याला वेगळी वसाहत खाली येते. दर दोन-तीन मीटरला मृत खडकाला अडकवा, ताण धरा, आणि तळापासून १५ सेंटिमीटरपेक्षा वर जाऊ देऊ नका.

थरावर थर. टेबलाखाली दुसरी वसाहत असते. वरून दिसते तेवढेच मोजायचे की खालचेही, हे आधी ठरवा आणि चारही खोल्यांवर तेच पाळा. नाहीतर टेबलांच्या पट्ट्यात आच्छादन कमी भरते आणि तो फरक खोलीचा वाटतो.

वसाहतींची संख्या रेषा-छेदातून काढू नका. मोठी वसाहत टेपखाली येण्याची शक्यता लहानपेक्षा जास्त असते. संख्येसाठी टेपच्या कडेने १ मीटर रुंद, १० मीटर लांब पट्टा घ्या आणि ज्यांचा मध्य पट्ट्यात आहे त्याच वसाहती मोजा.

उभा उतार. ६० अंशांच्या उतारावर नकाशातल्या १ मीटरमागे खरा पृष्ठभाग २ मीटर असतो. छायाचित्रे घेत असाल तर कॅमेरा पृष्ठभागाला काटकोनात धरा, आकाशाकडून खाली नव्हे. आणि फ्लॅश हवाच. ३० मीटरवर फ्लॅशशिवाय तपकिरी लेप्टोसेरिस आणि तपकिरी शैवाल छायाचित्रात एकसारखे दिसतात.

बुडीचा क्रम सर्वांत खोल टेपपासून वर. हवेच्या टाकीवर ३० मीटरला, वर येताना (शरीरातला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून) सक्तीचे थांबे न घेता मिळणारा वेळ साधारण २० मिनिटे, १२ मीटरवर दोन तासांहून जास्त. त्यामुळे खोलातली नोंद घाईची आणि उथळातली निवांत होते, आणि "खोलात जाती कमी" हा निष्कर्ष निव्वळ वेळेच्या फरकानेही निघू शकतो. उपाय एकच: दर टेपला वेळ सारखा ठेवा, खोलातले टेप वेगवेगळ्या बुडींत वाटा. आणि हवा, थांबे, साथीदार यांत तडजोड नाही. एखादा टेप राहिला तर राहू द्या.

---

लाटमाप

खोलीच्या आकड्याबद्दल एक महत्त्वाची दुरुस्ती सुटली. मनगटावरचा संगणक त्या क्षणीच्या पाण्याच्या पृष्ठभागापासून खोली दाखवतो. भरती-ओहोटीत ४ मीटरचा फरक असेल, तर भरतीला "५ मीटर" असलेली जागा ओहोटीला १ मीटरवर येते. माथ्याजवळचे पट्टे मुळात दोन-तीन मीटर उंचीचे. भरतीची दुरुस्ती नसेल तर ते एकमेकांत मिसळून जातात. बुडीची वेळ लिहा, त्या वेळची भरतीची उंची कोष्टकातून काढा, वजा करा, आणि खोली नकाशाच्या आधारपातळीपासून (सागरी नकाशात खोली जिथून मोजतात त्या पातळीपासून) द्या.

शिवाय संगणक गोड्या पाण्यावर लावलेला आहे की खाऱ्या, ते बघा. गोड्यावर लावलेला संगणक समुद्रात अडीच-तीन टक्के जास्त खोली दाखवतो. ३ मीटरला काही फरक नाही, ४० मीटरला एक मीटर जातो. गटातल्या सगळ्यांचे एकाच मापावर असू द्या.

---

तळठाव

@निळाई, त्याच दिवशी 'के' मोजायला विसरू नका. त्याशिवाय तुमचे चार आकडे दुसऱ्या भित्तीशी ताडता येणार नाहीत.

स्वस्त मार्ग सेक्की तबकडीचा. ३० सेंटिमीटरची पांढरी तबकडी सावलीच्या बाजूने सोडा, दिसेनाशी होते ती खोली आणि वर घेताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी. के ≈ १.७ ÷ ही खोली. १७ मीटरवर दिसेनाशी झाली तर के ०.१. भित्तीवरच तळ आधी लागत असेल तर उताराबाहेरच्या खोल पाण्यात मोजा.

नेमका मार्ग प्रकाशसंश्लेषणाच्या पट्ट्यातला प्रकाश मोजणाऱ्या दोन संवेदकांचा, एकाच वेळी दोन खोल्यांवर. समजा ३ मीटरवर ९०० आणि १३ मीटरवर ४०० मायक्रोमोल आले. ९०० ÷ ४०० = २.२५, त्याचा नैसर्गिक लॉग ०.८१, भागिले १० मीटर, म्हणून के ०.०८१. एक टक्क्याची रेघ साधारण ५७ मीटरवर. मोजणी दुपारच्या आगेमागे दोन तासांत. उथळात लाटांच्या भिंगांमुळे प्रकाश लुकलुकतो, म्हणून काही मिनिटांची सरासरी घ्या.

लक्स मोजणारे स्वस्त लॉगर इथे फसवतात. लक्स हे माणसाच्या डोळ्याचे माप, हिरव्या-पिवळ्याला जास्त भाव देणारे. खोलात उरतो निळा, तो त्यात कमी मोजला जातो, आणि ठरावीक गुणकाने केलेले रूपांतर खोली वाढेल तसे चुकत जाते. लॉगर पाण्यात ठेवून देणार असाल तर काचेवर शेवाळ चढते आणि आठवडा-दोन आठवड्यांत आकडे पडू लागतात. उथळात ते लवकर चढत असल्यामुळे खोलीचा फरक खोटाच कमी होतो. नियमित पुसा किंवा पुसणारा ब्रश असलेला संवेदक वापरा.

---

सांगाडा

जुन्या पद्धतीची आठवण झाली म्हणून लिहितो. १८३६ मध्ये हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटाजवळ खोली मापताना शिशाच्या वजनाच्या तळाला चरबी लावून सोडत. उथळात चरबीवर जिवंत प्रवाळाचे ठसे उमटून येत, जास्त खोलात नुसती वाळू चिकटून येई. त्यावरून आणि इतर नोंदींवरून डार्विनने १८४२ मध्ये भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांची मर्यादा २० ते ३० फॅदम, म्हणजे साधारण ३७ ते ५५ मीटर, सांगितली. पाण्यात न उतरता! भरघोस वाढीची मर्यादा म्हणून तो अंदाज अजूनही बऱ्याच ठिकाणी जुळतो.

---

पानवेल

मग हजार मीटरवरच्या थंड पाण्यातल्या प्रवाळांचे काय? तिथे तर अंधार, आणि छायाचित्रांत पुन्हा फांद्याच दिसतात. ताटल्या का नाहीत?

---

शैवालसखा

कारण तिथे प्रकाशाचा हिशेबच बंद होतो. लोफेलिया (आता डेस्मोफायलम पर्टुसम) २०० ते १००० मीटरवर, ४ ते १२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाढते, सहजीवी शैवालाशिवाय. नॉर्वेजवळ २००२ मध्ये सापडलेली रॉस्ट भित्ती ३००-४०० मीटरवर आहे आणि सुमारे ३५ ते ४० किलोमीटर लांब. खाणे येते प्रवाहाबरोबर, वरून झिरपणाऱ्या कणांतून. आडवी ताटली तिथे गाळाखाली जाईल. उभ्या फांद्या तळाच्या मंद थरातून वर निघून वाहत्या पाण्यात पॉलिप धरतात. मेसोफोटिक पट्ट्याच्या तळाशी हा बदल सुरू झालेला दिसतो: ताटल्या विरळ होतात आणि गोर्गोनियनचे (लवचीक, पंख्यासारख्या प्रवाळांचे) पंखे व काळी प्रवाळे वाढतात, पंखे प्रवाहाला बरोबर आडवे उभे. त्यांच्या तोंडावरून प्रवाहाची दिशा वाचता येते.

---

निळाई

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: प्रवाळांच्या रोपवाटिकेसाठी १८ मीटरवरून तुकडे आणून ४ मीटरवर वाढवायचे आहेत. चालेल?

---

सांगाडा

थेट नको. १८ मीटरवरच्या वसाहतीचे हरितद्रव्य कमी प्रकाशासाठी जुळवलेले असते आणि अतिनील किरणे अडवणारी द्रव्येही खोलात कमी असतात. एकदम ४ मीटरवर आणलेत तर वरची, उघडी बाजू काही दिवसांत पांढरी पडते, खालची सावलीतली तपकिरी राहते. असे एकाच बाजूने पांढरे पडले, तर प्रकाशाच्या धक्क्याचा संशय घ्या.

शक्य असेल तर ४ मीटरचेच तुकडे घ्या. खोलातलेच हवे असतील तर काही मीटरच्या टप्प्यांनी वर आणा आणि दर टप्प्यावर दोन-तीन आठवडे थांबा, किंवा ४ मीटरवर सावलीच्या जाळीखाली ठेवून जाळी हळूहळू विरळ करा. सूर्य माथ्यावर असतो तो मोसम टाळा. टप्पे मीटरवर न ठरवता प्रकाशावर ठरवा: प्रत्येक वेळी फार तर दीडपट. के ०.०८१ धरला तर १८ वरून १३ मीटरवर आणणे म्हणजे बरोबर दीडपट. पुढचे दोन टप्पे ८ आणि ४ मीटर. के ०.२ असेल तर तेवढ्याच वाढीसाठी एका वेळी दोनच मीटर वर येता येईल.

हरितद्रव्य काही आठवड्यांत जुळते. सांगाड्याचा आकार बदलायला कित्येक महिने लागतात. तोवर १८ मीटरची पातळ, रुंद ताटली ४ मीटरच्या लाटेत उभी असते, आणि बुंध्याशी सुटते. त्या काळात तुकडे दोरीवर टांगू नका, पक्क्या खडकाला घट्ट बसवा, कड लाटेच्या दिशेला ठेवून.